काकूंची तार

पहाटे ५.४५. चहा घेऊन रेडिओच्या ४० मीटर बँडवर कान लावला. लांबची स्टेशनं अजून येताहेत. ऊन वर आलं की आयनोस्फिअरचा खालचा थर ती गिळतो. ऐकायला सगळं ठीक, पण बोलायला बटण दाबलं तर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या लाटेचं माप, २.५! परवा १.३ होता.

७.००. अंगणात माझ्या अँटेनाखाली, डायपोलखाली उभा राहिलो. २० मीटर जीआय तार, तीन पावसाळे खाल्लेली, वर गुहागरचा खारा वारा. जस्त उडालंय, हात लावला की गंज बोटाला. दोष तिच्यावर टाकून मोकळा झालो.

१०.१५. दुकान. पंपाची जळालेली मोटार उघडली. रिवाइंडिंगला हात पुरतात, डोकं तारेतच. घरची ५० हर्ट्झची वीज तारेच्या पुऱ्या जाडीतून वाहते. ७ मेगाहर्ट्झचा प्रवाह नुसता सालीवरून, तांब्यात जेमतेम ०.०२५ मिलिमीटर खोल. लोखंड चुंबकीय, तिथे साल आणखी पातळ. जस्त होतं तोवर तेच बराचसा भार वाहायचं. पुस्तकात डायपोल ७३ ओहमचा. २ मिलिमीटर जाड तांब्याची तार त्यात १ ओहम वाढवते, उघडं लोखंड वीस-पंचवीस. म्हणजे १०० वॉटमधले वीस-पंचवीस वॉट तार तापवण्यात गेले, तरी पलीकडच्याला फरक जेमतेम कळेल. ऐकताना तर तोटाच नाही. या बँडवर खरखर बाहेरूनच येते. तार जेवढा आवाज खाते तेवढीच खरखरही खाते.

पण गंज काय एका रात्रीत चढतो? तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

१.३०. भात, कुळथाचं पिठलं, डुलकी.

५.००. दुकानातली १४ गेजची वाइंडिंग वायर चढवली. इनॅमल खरवडून टोकांना डाग दिला. एसडब्ल्यूआर २.४. कपाळावर हात मारला.

५.४०. शेजारच्या काकू कपडे काढायला आल्या. माझ्या डायपोलला समांतर, तीन मीटरवर त्यांची तार: विहिरीकडच्या वाशापासून माडापर्यंत. चकाकत होती.

“काकू, तार बदललीत?”

“परवाच. जुनीच्या गंजाचे डाग पडायचे रे पातळांना. ही अ‍ॅल्युमिनियमची, वायरमनने दिली.”

घ्या. लाट झेलणाऱ्या तारेत प्रवाह खेळतो आणि प्रवाह खेळला की ती स्वतः लाट फेकते. झेलणं एकटं होत नाही. यागी-उदांच्या अँटेनातल्या पुढच्या दांड्यांना केबल जोडलेली नसते, त्या याच फेकण्यावर चालतात. काकूंची तारही नेमकी अर्ध्या तरंगलांबीची. गंजकी होती तेव्हा झेललेलं बरंचसं उष्णतेत घालवायची. नवी जवळजवळ दुप्पट ताकदीने परत फेकत होती. माझ्या डायपोलला ते सोसेना.

६.१०. काकूंची तार मधोमध तोडून हातभर नायलॉनची दोरी बांधली. दोन तुकडे दहा-दहा मीटरचे, ७ मेगाहर्ट्झला बहिरे. एसडब्ल्यूआर १.४.

“भिजलेली चादर पेलेल ना रे?” काकूंनी दोरी ओढून पाहिली.

९.३०. बँड उघडला. तांब्यावरून ऐकू येतं ते कालच्याइतकंच. जुनी तार गुंडाळून ठेवलीय. वालाच्या मांडवाला लागेल.