ताण, कात्री आणि डोळा

डोळा म्हणजे घडी घालून मिटलेली फांदी. वरून गाठ दिसते. उभा चिरला तर मधोमध वाढता शेंडा, त्याला बिलगलेली इवली पाने आणि त्यांच्या बेचक्यांत पुढल्या डोळ्यांचे उंचवटे. पुस्तके त्याला कलिका म्हणतात. वालचंदनगरच्या परिसरात मात्र उसाच्या कांडीवर असो की द्राक्षाच्या काडीवर, तो डोळाच.

थंड प्रदेशात डोळे खवल्यांत झाकून हिवाळा काढतात. गळलेल्या खवल्यांच्या वळ्यांवरून फांदीची वर्षे मोजता येतात. इथे ते जमत नाही. पिंपळाचा टोकदार डोळा उपपर्णांच्या टोपीत असतो. पान उलगडले की टोपी गळते आणि फांदीवर कडे उरते. ती कडी पानांचा हिशेब सांगतात, वर्षांचा नाही. कडुनिंबाच्या डोळ्याला तर खवलेच नसतात, तरी उन्हाळ्याच्या तोंडावर तांबूस पालवी येतेच. आंबा वर्षभर सारखा वाढत नाही. थांबून थांबून पालवतो आणि पक्व काडीला थंड रात्री मिळाल्या तर तोच शेंडा मोहोर देतो.

इंदापूर-बारामतीच्या कमी पावसाच्या मुलखात थंडीचे काम बरेचसे पाणी करते. डाळिंबाला बहार धरायचा तर पाणी तोडून ताण देतात. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारीत उशिरा. पाने पिवळी पडून गळली की हलकी छाटणी, खत आणि पहिले पाणी. मग पालवीबरोबर कळ्या. आंबे, मृग, हस्त ही बहारांची नावे म्हणजे डोळे केव्हा जागवायचे याचे वेळापत्रकच. ताण हा शब्द इथे बागाइतदाराच्या तोंडी आहे, तसाच माळेगावात २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या नावातही.

खरी गुंतागुंत द्राक्षाची. वेल झाड नव्हे, पण डोळा समजायला याहून चांगला नमुना नाही. त्याच्या डोळ्यात एक मुख्य आणि दोन दुय्यम कोंब असतात; मुख्य मेला तर दुय्यम फुटतो, पण बहुधा वांझ. त्याच बेचक्यातून त्याच हंगामात बगलफूट येते, डोळा मात्र मिटलेलाच राहतो. उष्ण हवेत वेल गाढ झोपत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या. एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्याजवळ, म्हणजे वेलीच्या आडव्या जून फांदीजवळ, एकदोन डोळे राखून काडी कापतात. नव्या काडीच्या डोळ्यांत पुढे साधारण महिना-दोन महिन्यांत सूक्ष्म घड ठरतो. या काळात कॅनॉपी, म्हणजे पानांचा पसारा, दाटली किंवा आभाळ सतत भरून राहिले, तर घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, येते. ऑक्टोबरात, दुसऱ्या म्हणजे गोडी छाटणीला, कितीही मेहनत केली तरी ती चूक निस्तरत नाही; म्हणून गोडी छाटणीआधी काड्यांचे डोळे कापून भिंगाखाली तपासतात आणि घड सापडेल त्या डोळ्याच्या पुढे कात्री लावतात.

छाटलेल्या काडीच्या टोकाचे डोळे आधी फुटतात आणि मागच्यांना दाबतात. हवे ते डोळे एकाच वेळी निघावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. डोळा फुगतो, कापसतो, दहाबारा दिवसांत कापसातून पोपटी टोक डोकावते. पाने सुटू लागली की एप्रिलनंतर ठरलेला घड बाहेर दिसतो.