स्क्रू कसल्याने पेट्रोल वाचत नाही: जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डविषयीचे गैरसमज

भिवंडीच्या दक्षिणेकडून कोन, काल्हेर, कशेळी या गावांना लागून जाणारी उल्हास नदीची खाडी २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात ५३ क्रमांकाच्या जलमार्गाचा भाग म्हणून नोंदली गेली आहे. अशा खाड्यांतील छोट्या होड्यांना आणि पुराच्या वेळी बचावासाठी उतरवल्या जाणाऱ्या रबरी होड्यांना जे इंजिन मागच्या फळीवर अडकवतात, ते आउटबोर्ड होय. त्यातील जुनी टू-स्ट्रोक मोटर दुरुस्तीला आली की ती बहुधा स्कूटर-मोटारसायकलीवर हात बसलेल्या मेकॅनिककडे जाते आणि तिच्याबरोबर एक समजही ठरलेलाच येतो: कार्ब्युरेटरचा मिक्स्चर स्क्रू आत कसला की पेट्रोल कमी लागते आणि मशीन जोरात पळते. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय तो इंजिनाच्या जिवावर बेतणारा आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या खाली ऑइलचा वेगळा साठा नसतो. जुन्या आउटबोर्डमध्ये ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळलेले असते आणि कार्ब्युरेटरमधून निघालेले हवा, पेट्रोल व ऑइलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक ज्या बंद पोकळीत फिरतो तिथे, आणि मग सिलिंडरमध्ये जाते. बेअरिंगला, पिस्टनला आणि रिंगांना मिळणारे सारे वंगण याच वाटेने येते. पेट्रोल घटवले की त्याच प्रमाणात ऑइलही घटते, आणि हवा जास्त असलेले हे विरळ मिश्रण, ज्याला गॅरेजच्या भाषेत लीन म्हणतात, अधिक तापते. उष्णता वाढवायची आणि त्याच क्षणी वंगण काढून घ्यायचे, अशी ही बचत आहे. अशा इंजिनाचा पिस्टन बाहेर काढल्यावर त्याच्या अंगावर उभे ओरखडे दिसतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर वितळून चिकटलेल्या ॲल्युमिनियमचे करडे पट्टे हाताला लागतात. त्यानंतर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवण्याचा खर्च वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट असतो.

दुसरी गोष्ट वारंवार सांगूनही लक्षात घेतली जात नाही, ती अशी की बहुतेक जुन्या आउटबोर्डवरचा बाहेरून फिरणारा मिक्स्चर स्क्रू फक्त आयडलचे आणि हळू चालीचे मिश्रण ठरवतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पेट्रोल मेन जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाचे भोक असलेल्या पितळी तुकड्यातून येते आणि त्यावर या स्क्रूचा जवळजवळ काहीच अंमल चालत नाही. पूर्ण वेगात मोटर दम सोडत असेल, तर स्क्रू फिरवत बसण्याऐवजी त्याच क्षणी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी प्रायमर बल्ब हाताने दाबून पाहावा. बल्ब दाबताच मोटर पुन्हा जोर धरत असेल, तर दोष इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या पडद्यात किंवा चिरलेल्या, हवा ओढणाऱ्या नळीत आहे. तसे न झाल्यास मेन जेटमध्ये साचलेला चिकट थर शोधावा. काही फार जुन्या मॉडेलांवर वेगाच्या मिश्रणासाठीही वेगळी सुई असते, आणि ती गरजेपेक्षा जास्त कसणे हा पिस्टन जाम करण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

हा समज टिकतो याला कारण आहे. मूळचे मिश्रण जाड असेल, तर स्क्रू थोडा कसल्यावर आयडल खरोखरच सुधारते, आवाज मोकळा होतो, धूर कमी होतो, आणि तेवढ्यावरून आणखी कसल्यास आणखी फायदा होईल असा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष काठावर खोटा ठरत नाही, कारण नुकसान होते ते भर खाडीत, भार अंगावर घेऊन मोटर ताणली जाते तेव्हा. स्क्रू कसणे म्हणजे नेहमी पेट्रोल कमी करणे, हेही खरे नाही. सामान्यतः थ्रॉटलच्या पडद्यापासून इंजिनाच्या बाजूला असलेला स्क्रू पेट्रोलमिश्रित हवा रोखतो, म्हणून तो कसल्यावर मिश्रण विरळ होते. हवा आत येते त्या बाजूचा स्क्रू नुसती हवा रोखतो, म्हणून तो कसल्यावर मिश्रण उलट जाड होते. त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका पाहिल्याशिवाय दिशा गृहीत धरू नये.

योग्य रीत धीराची आहे. मिक्स्चर स्क्रूची सुई हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवून पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांइतकी, बहुधा एक ते दीड फेरा, बाहेर घ्यावी. जोरात आवळल्यास तिच्या टोकावर कडे उमटते आणि मग ती कधीच नीट बसत नाही. मोटर पाण्यात, गरम झालेली आणि गिअरमध्ये असावी, कारण पंख्याचा भार आणि पाण्याखालून जाणाऱ्या धुराचा दाब यांच्याशिवाय केलेले ट्यूनिंग पाण्यात उतरताच बिघडते. नंतर स्क्रू अष्टमांश फेऱ्याने हलवून प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबावे, कारण क्रँककेसमधले आधीचे मिश्रण संपल्याशिवाय बदल जाणवत नाही. एका टोकाला मोटर कार्ब्युरेटरमधून शिंकते, दुसऱ्या टोकाला गुरगुरत अडखळते. या दोहोंच्या मधली जागा सापडली की तिथून किंचित जाड बाजूला सुई ठेवावी.

ॲव्हरेज घटले म्हणून स्क्रू कसणाऱ्यांनी टाकीतले पेट्रोलही विचारात घ्यावे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत त्याने ॲव्हरेज चारचाकीत सुमारे ६ ते ७ आणि दुचाकीत ३ ते ४ टक्क्यांनी घटते, असे नीती आयोगाच्या २०२१च्या इथेनॉल मिश्रण आराखड्यातच नमूद आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते. त्यामुळे जुन्या जेटमधून हे इंधन गेले की मिश्रण आपोआप विरळ होते. म्हणजे स्क्रू ज्या दिशेला नेण्याचा आग्रह धरला जातो, त्या दिशेला इंधनाने मोटर आधीच नेलेली असते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉलचा, ऑइल न धरणारा थर तळाशी बसतो. टाकीची नळी पेट्रोल ओढते ती नेमकी तळातून.

ऑइल जास्त घातले की मोटर सुरक्षित राहते, हा समज अर्धवट आहे: जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढले की पेट्रोल तेवढे कमी होते आणि मिश्रण विरळ होते, म्हणून पुस्तिकेत ५० लिटरला १ लिटर म्हटले असेल तर तेच, आणि २५ला १ म्हटले असेल तर तेच ठेवावे. स्कूटरचे टू-टी ऑइल चालते, हेही चूक. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू ३ प्रतीचे, राख न सोडणारे ऑइल लागते. आयडलला निळसर धूर म्हणजे बिघाड नव्हे. चोक अर्धा ओढून मोटर चालते याचा अर्थ पेट्रोल अडले आहे, चोक हा त्यावर उपाय नाही. जेट तारेने टोचून साफ करू नये, कारण पितळ मऊ असते आणि भोकाचे माप कायमचे बदलते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा फवारा पुरतो. आणि दोन मिनिटे कोरडी चालवून पाहायला हरकत नाही, असे म्हणणाऱ्याने पाणी ओढणारा रबरी इम्पेलर एकदा खोलून पाहावा: पाण्याशिवाय त्याची पाती त्याहून कमी वेळात करपतात.