ग्रेटनाचा दारूखाना

मराठीत ‘दारू’ हा एकच शब्द तोफेत ठासायच्या पदार्थासाठीही चालतो आणि पेल्यात ओतायच्या पदार्थासाठीही. पहिल्या महायुद्धात इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या ग्रेटना येथील सरकारी कारखान्याच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे काही गुंतले, की तो इतिहास सांगण्यास इंग्रजीपेक्षा मराठीच सोयीची भाषा ठरावी.

मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधील नव्ह शापेल येथे ब्रिटिश सैन्याने जर्मन फळीवर हल्ला केला. त्यात भारतीय पलटणींचा वाटा मोठा होता. सुरुवातीचे यश मिळूनही पुढे सरकणे जमले नाही आणि तोफगोळ्यांचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. मे महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’ने या तुटवड्याला वाचा फोडल्यावर सरकार हादरले, संयुक्त मंत्रिमंडळ आले आणि दारूगोळ्यासाठी स्वतंत्र खाते निर्माण होऊन त्याची सूत्रे डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्याकडे गेली.

तोफगोळ्याला दोन प्रकारची स्फोटके लागतात. एक गोळ्याच्या पोटात भरलेले, जे लक्ष्यावर आदळल्यावर फुटते; आणि दुसरे गोळ्याच्या मागे ठेवलेले, जे भराभर जळून वायू निर्माण करते व त्या वायूच्या दाबाने गोळा नळीबाहेर फेकला जातो. या दुसऱ्या प्रकारास प्रणोदक म्हणतात, आणि ब्रिटिश सैन्याचे प्रणोदक होते कॉर्डाइट. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात कापूस बुडवून तयार होणारा स्फोटक कापूस आणि नायट्रोग्लिसरीन हे तेलकट द्रव यांचा एकजीव गोळा करायचा, तो साच्याच्या भोकांतून दाबून त्याच्या दोऱ्या काढायच्या आणि त्या वाळवायच्या, अशी ही कृती होती. दोरीसारख्या रूपावरूनच त्यास ते नाव मिळाले. घटक एकजीव होण्यासाठी पूर्वी अ‍ॅसिटोन वापरीत. परंतु ते मुख्यतः लाकडापासून काढले जाई आणि बरेचसे अमेरिकेतून आणावे लागे. युद्धकाळात ते पुरेना, तेव्हा ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणावर भागेल असे कॉर्डाइटचे नवे सूत्र शोधण्यात आले, आणि तेच मोठ्या प्रमाणावर बनविण्यासाठी ग्रेटनाची निवड झाली.

सॉल्वे खाडीच्या काठचा हा प्रदेश विरळ वस्तीचा, शत्रूच्या हवाई जहाजांना दूर पडणारा, पण रेल्वेने जोडलेला आणि नदीच्या पाण्याची सोय असलेला होता. आराखड्यामागे केनेथ क्विनन या अमेरिकी रसायन अभियंत्याचे डोके होते. दक्षिण आफ्रिकेत खाणींसाठी लागणारी स्फोटके बनविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९१५च्या अखेरीस काम सुरू झाले, हजारो मजूर, त्यांतही बरेच आयरिश, राबले, आणि १९१६च्या उन्हाळ्यात कॉर्डाइट बाहेर पडू लागले. कारखाना सुमारे १४ किलोमीटर लांब पसरलेला होता. एका ठिकाणचा स्फोट दुसरीकडे पोहोचू नये यासाठी इमारती विरळ ठेवणे, त्यांभोवती मातीचे बांध घालणे हाच त्यामागील हिशेब होता. या अंतरांमुळे कारखान्याला स्वतःची छोटी रेल्वे ठेवावी लागली; वीजकेंद्र आणि बेकरीही त्याची स्वतःचीच होती. १९१७ मध्ये येथे आठवड्याला ८०० टन कॉर्डाइट निघे, म्हणजे ब्रिटनमधील इतर सर्व कारखान्यांच्या एकत्रित उत्पादनाहून अधिक.

हे काम केले ते मुख्यतः स्त्रियांनी. १९१७ मध्ये येथे ११,५७६ स्त्रिया आणि ५,०६६ पुरुष होते. त्यांतील पुष्कळ जणी पूर्वी दुसऱ्यांच्या घरी मोलकरणी होत्या आणि बहुतेकींचे वय विशीच्या आतबाहेर होते. मोठ्या पात्रांत स्फोटक कापूस आणि नायट्रोग्लिसरीन त्या हातांनी कालवीत, कणीक मळावी तसे. १९१६ मध्ये कारखाना पाहून गेलेल्या आर्थर कॉनन डॉइल यांनी, म्हणजे शेरलॉक होम्सच्या जनकाने, या मिश्रणाला ‘सैतानाची लापशी’ म्हटले आणि ते नाव चिकटले. लापशी ढवळणाऱ्यांच्या वाट्याला मात्र नावापेक्षा अधिक काही आले. नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणूनच ते एकोणिसाव्या शतकापासूनच हृदयशूळावरचे औषध म्हणूनही वापरात होते. पण ते रोज कातडीतून अंगात भिनत असल्याने मुलींना असह्य डोकेदुखी होई. ईथरच्या वाफेने गुंगी येई, आम्लाच्या वाफा निराळ्याच. ठिणगीच्या भीतीने आत जाताना काडेपेटीच काय, केसांतील धातूच्या पिनादेखील काढून ठेवाव्या लागत आणि अंगझडती होई. एवढे करून, एप्रिल १९१६ मध्ये फॅव्हरशॅम येथे १०८ किंवा जुलै १९१८ मध्ये चिलवेल येथे १३४ माणसे एका स्फोटात गेली तसा संहार ग्रेटनात झाला नाही. तुरळक अपघातांत मृत्यू मात्र झाले.

आता दुसरी दारू. खिशात चांगली मजुरी आणि संध्याकाळी करमणुकीचे नाव नाही, अशा स्थितीत बांधकामावरील मजूर जवळच्या कार्लाइल शहरातील गुत्त्यांत लोटू लागले आणि दारूबाजीची प्रकरणे न्यायालयात वाढली. बंदी घालण्याऐवजी सरकारने १९१६ मध्ये त्या परिसरातील गुत्ते आणि दारूभट्ट्याच विकत घेतल्या. अनेक गुत्ते बंद केले, उरलेल्यांत खाण्याची सोय वाढवली, आणि व्यवस्थापकांना पगारी नोकर केले, म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त पाजण्यात त्यांचा फायदा उरला नाही. युद्धापुरती आखलेली ही व्यवस्था १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकली. दारू विकणारे सरकार पिणाऱ्याचे हित पाहू शकते की नाही, या वादात कार्लाइलचा दाखला वजनदार आहे.

कामगारांसाठी ग्रेटना आणि ईस्टरिग्ज ही दोन गावे वसवण्यात आली, ती रेमंड अन्विन या नगररचनाकाराच्या देखरेखीखाली. लाकडी बराकींसोबत विटांची पक्की घरे, चर्च, सभागृह, दुकाने बांधली. पुढे १९१९च्या गृहनिर्माण कायद्यानंतर ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या सरकारी घरांवर या अनुभवाची छाप पडली. स्फोटकांसाठी खर्चलेल्या पैशातून उरलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे ही घरेच होत.

ज्यांच्या हातांनी कारखाना चालला त्यांचा हिशेब इतका सरळ झाला नाही. युद्ध संपताच स्त्रियांना कामावरून कमी करण्यात आले. १९१८च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार दिला, पण तो तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. सैतानाची लापशी ढवळणाऱ्या बहुतेक मुली त्यात बसत नव्हत्या. देशासाठी प्राण धोक्यात घालण्यास जे वय पुरेसे ठरले, ते मत देण्यास अपुरे मानले गेले, ही विसंगती तेव्हाच्या राज्यकर्त्यांच्या खाती मांडावीच लागेल.

पुढे कारखाना मोडीत निघाला, १९२४ मध्ये मालमत्तेचा लिलाव झाला, आणि काही भाग लष्कराने दारूगोळ्याच्या कोठारांसाठी ठेवून घेतला. शेजारचे ग्रेटना ग्रीन पळून जाऊन केलेल्या लग्नांसाठी प्रसिद्ध असल्याने बहुतेक पर्यटक तेथूनच परततात. काही किलोमीटरवरील ईस्टरिग्जमध्ये मात्र या कारखान्याचे संग्रहालय आहे, आणि साम्राज्यातील शहरांची नावे दिलेल्या त्या गावच्या रस्त्यांत एकाचे नाव आजही दिल्ली रोड असे आहे.