चुंबकाचा जोर अडवता येतो का?

हैदराबादेत उप्पलच्या अलीकडे 'एनजीआरआय' नावाचं मेट्रो स्थानक आहे. शेजारच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेवरून ते नाव पडलं. या संस्थेत 1960च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जातात. पुढे शहर वाढलं, आणि संस्थेने साठेक किलोमीटरवर चौटुप्पलला दुसरी वेधशाळा उभारली. मुंबईतही असंच घडलं होतं. विजेच्या ट्रामच्या चुंबकीय क्षेत्राने नोंदी बिघडतील म्हणून तिथल्या वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला नेलं आणि 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मेळ बसवला.

एवढा खटाटोप कशाला, भिंतीला शिशाचा पत्रा ठोकला असता तर? असं अनेकांना वाटतं. पण शिसं क्ष-किरण अडवतं. स्थिर चुंबकापुढे शिसं, तांबं, ॲल्युमिनियम, लाकूड सगळं सारखंच. एमआरआयच्या खोलीत तांबं लावतात, तेही रेडिओलहरींसाठी.

घरी करून पाहा. टाचणीला दोरा बांधून दोऱ्याचं टोक टेबलाला चिकटवा आणि वर थोड्या अंतरावर चुंबक धरा. टाचणी हवेत ताणून उभी राहील. मधून वही सरकवा, तांब्याची ताटली सरकवा, टाचणी ढिम्म हलणार नाही. लोखंडी पत्र्याच्या डब्याचं झाकण सरकवलं की पडेल.

म्हणजे लोखंड चुंबकत्व गिळतं? नाही. चुंबकाच्या बलरेषा कुठेच संपत नाहीत. लोखंड त्यांना स्वतःतून वळवून नेतं. त्याचीही मर्यादा असते. सुमारे 80 टक्के निकेल असलेलं म्यू-मेटल क्षीण क्षेत्र उत्तम वळवतं, पण जोरदार चुंबकासमोर लवकर संपृक्त होतं, म्हणजे आणखी रेषा वळवू शकत नाही. तिथे जाड पोलादच हवं. ठोकाठोक झाली तरी म्यू-मेटलचा गुण उतरतो. असे मृदू चुंबकीय मिश्रधातू हैदराबादच्याच कंचनबागेतल्या 'मिधानी' या धातू कारखान्यात तयार होतात.

'पडदा आतबाहेर करून दोन चुंबकांवर फुकट मोटर चालवू' ही कल्पना तर हमखास निघते. ती चालत नाही, कारण लोखंडी पडद्याला चुंबक स्वतःच ओढतो. मिळालेली सगळी ऊर्जा तो पडदा मागे खेचण्यात जाते.

वेधशाळेची अडचण आणखी वेगळी. पडद्याला मेट्रोचं क्षेत्र कोणतं आणि पृथ्वीचं कोणतं, हे कळत नाही. तो दोन्ही वळवेल, आणि मोजायचं होतं तेच हातचं जाईल. अंतर मात्र निवड करतं: लहान चुंबकापासून दुप्पट दूर गेलं की त्याचं क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं, पृथ्वीचं जवळपास तेवढंच राहतं.