जिंकलेल्या बाजूचा पराभव

1940 च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं थव्याथव्यांनी इंग्लंडवर चालून येत होती. त्यांना अडवायला दक्षिण किनाऱ्यालगतच्या वॉर्मवेल तळावरून जी स्पिटफायर विमानं झेपावत, त्या 152 व्या स्क्वाड्रनचं नाव होतं 'हैदराबाद'. तिच्या मानचिन्हात मधोमध निजामाचा दस्तार आहे आणि खाली 'विश्वासू दोस्त' अशा अर्थाचं ब्रीद. लंडनजवळच्या केनली तळावरून लढलेली 253 वी स्क्वाड्रन हरिकेन विमानांची. तिचं नाव 'हैदराबाद स्टेट'. दोन्ही नावांमागे पैसा होता सातव्या निजामाचा, मीर उस्मान अली खानांचा.

तो पैसा खासगी पेटीतून गेला असो की सरकारी खजिन्यातून, त्याच्या तळाशी शेतसारा होता. आणि सारा भरणाऱ्यांत गेवराई, माजलगाव, केज, आष्टीकडचे शेतकरी होते, कारण बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. बालाघाटाच्या माथ्यावर ज्वारी पेरणाऱ्या माणसाचे दोन-चार पैसे हिटलरच्या विमानांशी लढत होते, या गोष्टीचं मला आजही नवल वाटतं. त्या माणसाला स्वतःला मत देऊन आपलं सरकार निवडायचा हक्क नव्हता. राज्यातल्या स्टेट काँग्रेसवर बंदी होती. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, तो त्याला वाचता येत नसे. हुकूमशाहीविरुद्धच्या जागतिक युद्धात तो लोकशाहीच्या बाजूने होता, त्याला न विचारता.

त्याच्यावर सत्ता कोणाकोणाची होती, ते पाहू. गावात पाटील-कुलकर्णी. वर तहसीलदार. त्यावर जिल्ह्याचा अव्वल तालुकदार, मग औरंगाबादचा सुभेदार, मग हैदराबादेत निजाम. निजामाच्या शेजारी ब्रिटिश रेसिडेंट, त्याच्यावर दिल्लीत व्हाइसरॉय, आणि सगळ्यात वर लंडन. एकावर एक रचलेली ही उतरंड कित्येक वर्षं हललेली नव्हती. 1939 साली कोणी म्हटलं असतं की दहा वर्षांच्या आत यातली वरची सगळी मडकी जातील, आणि तीही युद्धात हरल्यामुळे नव्हे तर जिंकल्यावर, तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

पण तसंच झालं. ब्रिटन जिंकलं आणि साम्राज्य गमावून बसलं. निजाम जिंकलेल्यांच्या पंगतीला होता आणि तीन वर्षांत त्याचं राज्य गेलं. हे कसं घडलं, याचा माग बीडवरून काढता येतो.

पहिला तडा गेला मलायात. 8 डिसेंबर 1941 च्या मध्यरात्रीनंतर जपानी फौजा कोटा भारू इथल्या किनाऱ्यावर उतरल्या. पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडायला तेव्हा तासाभराहून अधिक वेळ होता. म्हणजे पॅसिफिकमधलं महायुद्ध खऱ्या अर्थाने सुरू झालं ते इथे. किनाऱ्यावर डोगरा पलटण होती, आणि मागच्या विमानतळाच्या राखणीला निजामाची फर्स्ट हैदराबाद इन्फंट्री. त्या पहिल्याच दिवशी तळ सोडावा लागला. पळापळीत या हैदराबादी पलटणीचा कमांडिंग ऑफिसर मारला गेला. पुढे 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडलं आणि ऐंशी हजारांवर सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. इंग्रजांची सत्ता अढळ आहे ही समजूत संस्थानी राजांच्या सिंहासनाखालचा खरा पाया होती. ती आशियासमोर उघड्यावर मोडली.

दुसरा तडा पैशाचा. तो डोळ्यांना दिसला नाही, पण मला सगळ्यात नवलाचा वाटतो.

युद्धासाठी ब्रिटनला हिंदुस्थानातून धान्य, कापड, तंबू, बूट, ताग, सगळं हवं होतं. रोख द्यायला पैसा नव्हता. मग व्यवस्था अशी ठरली: माल इथून उचलायचा, त्याची किंमत लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंडांत लिहून ठेवायची, आणि त्या लिहिलेल्या पौंडांच्या भरवशावर बँकेने इथे रुपयाच्या नोटा छापून माल देणाऱ्यांना द्यायच्या. पौंड लंडनमधून हलत नव्हते. नोटा मात्र इथल्या बाजारात येत होत्या. 1939 मध्ये सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; युद्ध संपेतो हा आकडा सहापटीच्या पुढे गेला. माल देशाबाहेर आणि नोटा देशात, मग महागाई भडकणारच. ब्रिटनचं युद्ध असं आमच्या बाजारातल्या भावांतून वसूल झालं. जे कधी कर म्हणून मागितलं असतं तर दंगे झाले असते, ते पायली-पायलीने, कापडाच्या वारा-वाराने गेलं.

हैदराबाद संस्थानाचं चलन वेगळं होतं. आमच्याकडची जुनी माणसं 'हाली' आणि 'कलदार' असा हिशेब करत: सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, इंग्रजी. हाली रुपया हातात घेऊन पाहावा. एका बाजूला चारमिनार, आणि त्याच्या मधल्या कमानीत उस्मान अलींच्या नावाचं आद्याक्षर, 'ऐन'. स्वतंत्र राजाचं सगळं तेज त्या नाण्यावर आहे. पण हे नाणं कलदाराला बांधलेलं, कलदार पौंडाला बांधलेला आणि पौंड युद्धाला. 1940 मध्ये कलदारातली चांदी निम्म्यावर आली. 1947 च्या रुपयात चांदीच नव्हती, निकेल होतं. भाव चढले ते हाली आणि कलदार असा भेद न करता. संस्थानात लेव्ही सुरू झाली: पिकलेल्या धान्याचा ठरावीक वाटा सरकारी भावाने सरकारलाच घालायचा. कापड कंट्रोलवर, साखर कंट्रोलवर. पुढे स्वातंत्र्यसंग्रामात लेव्हीविरुद्ध गावंच्या गावं उभी राहिली, त्याचं मूळ या युद्धात आहे.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. 1939 मध्ये हिंदुस्थान ब्रिटनचा देणेकरी होता. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच हिंदुस्थानचं सुमारे 130 कोटी पौंड देणं लागत होतं. तेव्हाच्या दराने सतराशे कोटी रुपयांच्या वर. मालक आपल्याच वसाहतीचा ऋणको झाला! या खात्यांवर देखरेख करणारा माणूस मराठी होता. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला, जिथे युद्धानंतरच्या जगाची पैशाची घडी बसवली जात होती, तिथे हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात बसले. या शिष्टमंडळाने पौंडांच्या थकबाकीचा प्रश्न तिथे ठामपणे मांडला. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, पण सावकाराच्या खुर्चीत बसून बोलत होता. सत्ता कशी सरकते हे पाहायचं तर लढायांच्या नकाशाइतकंच या खातेवहीकडे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. 130 कोटी पौंड देणं असलेला, अमेरिकेकडून कर्ज काढून जगणारा देश दिल्लीत आणखी किती दिवस फौज ठेवू शकणार होता?

तिसरा तडा शब्दांचा. ऑगस्ट 1941 मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपलं सरकार कसं असावं हे ठरवण्याचा हक्क सर्व लोकांचा आहे, असं तीत म्हटलं होतं. महिनाभरात चर्चिलनी संसदेत खुलासा केला की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय देशांपुरतं आहे. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवलेले, संन्यास घेतलेले एक शिक्षक तोवर हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले होते: स्वामी रामानंद तीर्थ. युद्धकाळात ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. त्यांची मागणी सनदेतल्या वाक्याहून तसूभरही जास्त नव्हती. जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढंच. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला 1946 साल उजाडावं लागलं.

मग 15 ऑगस्ट 1947. ब्रिटिश गेले आणि जाताना संस्थानांवरचा आपला सार्वभौम हक्क कोणाच्याही हाती न देता संपुष्टात आणून गेले. निजामाला वाटलं, आता आपण मोकळे. खरं तर ज्याच्या आधाराने तो उभा होता तो हातच निघून गेला होता. 1948 च्या उन्हाळ्यात चर्चिल ब्रिटिश संसदेत हैदराबादची बाजू घेऊन बोलले, पण विरोधी बाकावरून. 'विश्वासू दोस्ता'ला शब्दांपलीकडे काही मिळालं नाही. संस्थानात रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, जुलूम वाढत होता. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिक नाकी आणि चौक्या फोडत होते.

या शेवटच्या अंकात जागोजाग महायुद्धाचीच माणसं आणि यंत्रं दिसतात. निजामाला कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रं आणून देणारा वैमानिक सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन. 1939 मध्ये जर्मनीची आकाशातून गुप्त छायाचित्रं घेणारा तोच. त्याची लँकास्ट्रियन विमानं म्हणजे जर्मन शहरांवर बॉम्ब टाकलेल्या लँकेस्टरांचंच फेरफार केलेलं रूप. भारताने हैदराबादवर काढलेल्या लष्करी मोहिमेचे प्रमुख जनरल राजेंद्रसिंहजी, ज्यांनी 1941 मध्ये लिबियातल्या मेचिलीला रोमेलच्या फौजेचा वेढा फोडला होता. सोलापूरकडून चढाई करणारे जयंतोनाथ चौधरी, ज्यांनी ब्रह्मदेशात 16 व्या लाइट कॅव्हलरीचं नेतृत्व केलं होतं. त्यांच्याकडे अमेरिकन शर्मन रणगाडे, वर ब्रिटिश टेम्पेस्ट विमानं. हिटलर आणि जपानच्या तोजोला हरवायला घडवलेलं सगळं सामान आता आमच्या मुलखात उतरलं.

13 सप्टेंबर 1948 ला कारवाई सुरू झाली. औरंगाबादच्या बाजूने मेजर जनरल ब्रार यांची फौज आली. जालना घेतल्यावर तिची तुकडी लातूरकडे आणि मग मोमिनाबादकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे वळली. मोमिनाबाद ही हैदराबादच्या घोडदळाची जुनी छावणी. तिथे थर्ड गोवळकोंडा लान्सर्स होते. त्यांनी नावापुरता प्रतिकार केला आणि शरण आले. बीड जिल्ह्यातली निजामाची लष्करी सत्ता एवढ्या थोडक्यात संपली.

त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये काय चाललं होतं, ते मला फार विलक्षण वाटतं. महायुद्धातून जन्मलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे हैदराबादने ऑगस्टमध्येच तक्रार केली होती. 16 सप्टेंबरला ती विषयपत्रिकेवर घ्यायची की नाही यावर मतदान झालं: आठ बाजूने, विरोधात कोणी नाही, सोव्हिएत युनियन, युक्रेन आणि चीन तटस्थ. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन होते. हे तेच गृहस्थ, ज्यांनी 1941 मध्ये अटलांटिक सनदेचा पहिला मसुदा लिहिला होता. भारताची बाजू मांडत होते रामस्वामी मुदलियार, ज्यांनी 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर भारतातर्फे सही केली होती आणि त्याआधी चर्चिलच्या युद्धमंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून काम केलं होतं. अव्वल तालुकदाराच्या कचेरीतला कागद ज्याला वाचता येत नव्हता, त्या केजच्या किंवा पाटोद्याच्या शेतकऱ्यावर राज्य कोणाचं, हा प्रश्न आता पाच महासत्तांसमोर होता. त्याच वेळी स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या तुरुंगात होते.

दुसऱ्याच दिवशी, 17 सप्टेंबरला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि स्वामीजींची सुटका झाली. 18 तारखेला त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. काही दिवसांत निजामाने सुरक्षा परिषदेला तार करून तक्रार मागे घेतली.

हा मुक्तीचा दिवस आम्ही दर वर्षी साजरा करतो, आणि तो करायलाच हवा. त्याच आठवड्यांत मराठवाड्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या निरपराध मुसलमानांवर जे बेतलं, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा 27 ते 40 हजारांच्या दरम्यान असावा असा अंदाज नोंदवला. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. वरच्या सत्ता कोसळतात तेव्हा त्यांचं ओझं खालच्या कोणावर तरी पडतं. 1948 मध्ये ते रझाकारांशी काही संबंध नसलेल्या विणकरांवर, शेतमजुरांवर, त्यांच्या बायकामुलांवर पडलं.

सुरक्षा परिषदेत हैदराबादवर शेवटची चर्चा झाली ती 24 मे 1949 रोजी, पाकिस्तानच्या आग्रहावरून. ठराव काही झाला नाही, पण विषय अधिकृतपणे बंदही केला गेला नाही; 'हैदराबादचा प्रश्न' पुढे अनेक दशकं परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत छापला जात राहिला. इकडे बीडमध्ये मात्र गोष्टी भराभर बदलत होत्या. त्या चर्चेला तीन महिने व्हायच्या आत, ऑगस्ट 1949 मध्ये, जहागिरी खालसा करण्याचा कायदा आला आणि जहागीरदारांच्या गावांतला सारा सरकारी खजिन्यात जमा होऊ लागला.