गुप्त मतदानाचे मोल

इंग्लंडातील लोकसत्ता १८३२ च्या सुधारणा-कायद्याने सिद्धीस गेली, अशी कोणाची समजूत असल्यास ती भ्रामक होय. मँचेस्टरसारख्या नगरांस त्या कायद्याने प्रतिनिधी मिळाले खरे. परंतु मत उघडपणे सांगावे लागे, आणि कोणी कोणास मत दिले याच्या याद्या छापून निघत! मग जमीनदाराचे कूळ किंवा बड्या गिऱ्हाइकांवर पोट असलेला दुकानदार स्वतंत्र कसा राहणार? चार्टिस्टांनी १८३८ साली गुप्त मतदान मागितले. तसा कायदा होण्यास ३४ वर्षे लागली. १५ ऑगस्ट १८७२ रोजी पाँटेफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत गुप्त मतपत्रिका प्रथम पेटीत पडल्या. मताधिकार मिळणे ही एक गोष्ट, तो निर्भयपणे बजावता येणे ही दुसरी. दुसरीवाचून पहिली पोकळ होय, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानात ठेवावे.