विश्लेषण : महिला गोल्फमध्ये ‘मेजर’ला एवढे महत्त्व का? भारत अजून किती दूर?

जुन्नर-आंबेगावच्या घाटांत बैलगाड्याचा निकाल सेकंदावर लागतो. सर्वांत कमी सेकंदांत घाट चढणारी बारी बाजी मारते. गोल्फचे गणितही असेच आहे. ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो विजेता. फरक इतकाच की बारी काही सेकंदांत संपते आणि गोल्फची मोठी स्पर्धा चार दिवस चालते. ७ ऑगस्ट २०२१ रोजी पहाटेपासून देशातील अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती आणि अवघ्या एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकले आणि गोल्फची चर्चा मागे पडली. महिला गोल्फमधील सर्वांत मोठे किताब मात्र ऑलिम्पिकबाहेर, दरवर्षी पाच ‘मेजर’ स्पर्धांत ठरतात. त्यांतला एकही अद्याप भारताकडे आलेला नाही.

मेजर म्हणजे नेमके काय?

टेनिसमध्ये जसे ग्रँडस्लॅम, तसे गोल्फमध्ये मेजर. पुरुषांच्या चार आणि महिलांच्या पाच स्पर्धांना हा दर्जा आहे. अमेरिकेतील शेवरॉन चॅम्पियनशिप, यूएस विमेन्स ओपन आणि विमेन्स पीजीए चॅम्पियनशिप, फ्रान्समधील एव्हियन चॅम्पियनशिप आणि ब्रिटनमधील विमेन्स ओपन या त्या पाच स्पर्धा. यूएस विमेन्स ओपन सर्वांत जुनी, १९४६ पासूनची. महिला व्यावसायिक गोल्फपटूंची ‘एलपीजीए’ ही संघटना त्यानंतर, १९५० मध्ये १३ खेळाडूंनी स्थापन केली. एव्हियनला मेजरचा दर्जा २०१३ मध्ये मिळाला.

निकाल कसा लागतो?

चार दिवस, रोज १८ होल, म्हणजे एकूण ७२ होल खेळायचे. प्रत्येक होलसाठी किती फटके अपेक्षित आहेत हे ठरलेले असते, त्याला ‘पार’ म्हणतात. चार पारच्या होलवर तीन फटक्यांत चेंडू खळग्यात गेला तर ‘बर्डी’, पाच लागले तर ‘बोगी’. पहिल्या दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो. सव्वाशे ते दीडशे खेळाडूंपैकी साधारण पहिल्या ६० ते ६५ जणीच पुढे खेळतात. बरोबरी झाल्यास ‘प्लेऑफ’ होतो. २०२५ च्या शेवरॉन स्पर्धेत पाच खेळाडूंमध्ये प्लेऑफ झाला आणि जपानच्या माओ साइगोने तो जिंकला.

बक्षीस किती आणि फायदा काय?

२०२५ च्या यूएस विमेन्स ओपनची एकूण बक्षीस रक्कम १ कोटी २० लाख डॉलर होती, म्हणजे सुमारे १०० कोटी रुपये. विजेत्या स्वीडनच्या माया स्टार्कला २४ लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी पुरुषांच्या यूएस ओपनची एकूण रक्कम २ कोटी १५ लाख डॉलर होती. दरी अजून मोठी आहे.

पैशांइतकाच महत्त्वाचा असतो पुढचा प्रवेश. यूएस विमेन्स ओपन जिंकणाऱ्या खेळाडूला पुढील १० वर्षे या स्पर्धेत थेट स्थान मिळते. दर आठवड्याला जागा टिकवण्यासाठी धडपडणाऱ्या व्यावसायिक खेळाडूसाठी ही मोठी निश्चिंती असते.

एका मेजरने देश बदलतो का?

दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. १९९८ मध्ये वीस वर्षांच्या पाक से-री हिने एकाच वर्षात दोन मेजर जिंकल्या. यूएस विमेन्स ओपनच्या प्लेऑफमध्ये चेंडू पाण्याच्या काठावर अडकला, तेव्हा तिने बूट-मोजे काढले आणि पाण्यात उभे राहून फटका मारला. ते दृश्य कोरियातील घराघरांत पाहिले गेले. ते पाहून गोल्फकडे वळलेल्या मुलींमध्ये इन्बी पार्क होती. दहा वर्षांनी तिने हीच स्पर्धा जिंकली. पुढे तिच्या नावावर सात मेजर आणि रिओ ऑलिम्पिकचे सुवर्ण जमा झाले.

थायलंडच्या आरिया जुतानुगार्नने २०१६ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकून आपल्या देशाला पहिली मेजर मिळवून दिली. चीनच्या फेंग शानशानने २०१२ मध्येच हा टप्पा गाठला होता. २०२५ च्या पाच मेजरपैकी दोन जपानी आणि दोन ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी जिंकल्या, अमेरिकेच्या वाट्याला एकही आली नाही. म्हणजे हा खेळ आता अमेरिका-युरोपची मक्तेदारी राहिलेला नाही.

मग भारत कुठे आहे?

कोलकात्याची स्मृती मेहरा १९९७ मध्ये एलपीजीए टूरवर पोहोचली. त्यानंतर दीर्घ काळ शांतता होती. बंगळूरुची अदिती अशोक २०१६ मध्ये, अठराव्या वर्षी रिओ ऑलिम्पिक खेळली आणि तेव्हापासून मेजर स्पर्धांत सातत्याने दिसते. टोकियोत ती उतरली तेव्हा जागतिक क्रमवारीत २०० वी होती, तरी चौथी आली. तिथे तिची कॅडी, म्हणजे मैदानावर साहित्य उचलणारी सोबती, तिची आईच होती.

हरियाणाच्या दीक्षा डागरला जन्मापासून ऐकू येण्यात अडचण आहे. डावखुऱ्या दीक्षाने कर्णबधिरांच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकले आणि २०२३ च्या ब्रिटनमधील विमेन्स ओपनमध्ये संयुक्त २१ वे स्थान मिळवले. गुणवत्ता आहे, पण ती मोजक्या शहरांतून येते. मेजरसाठी लागते ती मोठी संख्या, आणि ती अजून नाही.

अडचण नेमकी कुठे?

अदितीची सुरुवात कशी झाली ते पाहा. घरात कुणी गोल्फ खेळत नव्हते. बंगळूरुत गोल्फ मैदानाशेजारच्या उपाहारगृहात कुटुंब जेवायला जायचे. तिथून पाच वर्षांच्या मुलीला लोक चेंडू मारताना दिसले आणि कुतूहल वाटले. म्हणजे खेळ आधी दिसला, मग सुचला.

मंचरहून पुणे सुमारे ६० किलोमीटर. येरवड्यातील पूना क्लबचे मैदान महिलांच्या देशांतर्गत व्यावसायिक टूरला परिचित आहे. टोकियो ऑलिम्पिक खेळलेला उदयन माने पुण्याचाच. पण जुन्नर किंवा आंबेगावच्या मुलीच्या रोजच्या वाटेवर गोल्फ नाही. तिच्या डोळ्यांसमोर कुस्तीचा आखाडा आहे, कबड्डीचे मैदान आहे आणि म्हणून तिथे ती पुढे जाते.

१८ होलच्या मैदानाला साधारण १०० ते १५० एकर जमीन आणि हिरवळ जगवण्यासाठी बारमाही पाणी लागते. कुकडी आणि डिंभ्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या, कांदा-टोमॅटोच्या पट्ट्यात अशा मैदानाची मागणी कुणी करणार नाही, करूही नये.

मग वाट काय?

सुरुवातीला १८ होल लागतच नाहीत. जमीन कमी असलेल्या दक्षिण कोरियात जाळ्या लावलेल्या सराव-रेंज आणि पडद्यावर चेंडू मारण्याचे ‘स्क्रीन गोल्फ’ शहरोशहरी आहे. चेंडू खळग्यात ढकलण्याचा सराव तर शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यातही होतो. टोकियोत अदितीला तारले ते याच कौशल्याने. लांब फटक्यांत ती अनेकींच्या मागे होती, खळग्याजवळ मात्र अचूक.

खर्च, प्रशिक्षक आणि पुण्यापर्यंतचा प्रवास हे प्रश्न उरतातच. क्रीडा विभाग, शाळा आणि शहरातील क्लब यांनी महिन्यातून एखादा दिवस जरी तालुक्यातील मुलींसाठी मैदान उघडे ठेवले, तरी पहिली पायरी तयार होईल. पाक से-रीच्या विजयानंतर इन्बी पार्क घडायला दहा वर्षे लागली. आपल्याकडे टोकियोची ती सकाळ पाहिलेल्या मुली आज शाळा-कॉलेजात आहेत. त्यांच्या हाती काठी कोण देणार, हा प्रश्न आहे.